थंब मशीन बोट घेत नाही तेव्हा

एका दादांचं म्हणणं आहे की बोटाच्या ठशाने हजेरी लावणारं थंब मशीन आल्यापासून हजेरीतला वशिला संपला. खरं आहे, पण अर्धंच. मी जळगाव एमआयडीसीत एका डाळमिलमध्ये हजेरी-पगाराचं काम बघतो. पोती उचलून ज्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्यात, त्यांचं बोट मशीन घेतच नाही. एक मावशी पदराला बोट पुसून चार-चारदा ठेवतात, मागे रांग वाढते, आणि महिनाअखेरीस त्यांच्याच नावावर दोन खाडे. काम तर केलेलं असतं! शेवटी मालकांशी भांडून गेटवर वही परत सुरू करून घेतली. बोट लागलं नाही की वेळ टाकून सही.

रजेचं अ‍ॅपही इंग्रजीत, त्यामुळे सगळे अर्ज मीच भरतो.

पीएफचं मात्र मनापासून चांगलं झालं. २०१४ साली यूएएन, म्हणजे प्रत्येक कामगाराचा पीएफचा कायमचा नंबर आला, नोकरी बदलली तरी नंबर तोच. पगारातून कापलेले १२ टक्के खरंच भरले का, ते पासबुकात दिसतं. पाचोऱ्याकडच्या एका पोराला आधीच्या मालकाने तीन महिने भरलेच नव्हते, हे मोबाइलवरच कळलं.

चेहरा ओळखणारं मशीन कुणाकडे आहे का? डाळीच्या भुकटीत, घामात नीट चालतं का, ते सांगा.