"दम असेल तर नवीन सुचतंच" म्हणणाऱ्यांना

हिंगणावाला फिटर:
काल इथं एकानं लिहिलं, पक्षपात-बिक्षपात रडगाणं आहे, ज्याच्यात दम आहे तो कुठंही नवीन करतोच. रात्रभर तेच डोक्यात घुमून राहिलं. आमच्याकडे दर जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, मशीनवर सेट करायला पाऊण तास जात होता, मी भंगारातली पट्टी आन जुनं बेअरिंग घेऊन तो जागेवर पकडून ठेवणारं फिक्स्चर बनवलं, दहा-बारा मिनिटांत काम. कायझेनच्या, म्हणजे कामगारांनी केलेल्या सुधारणांच्या बोर्डावर फोटो कोणाचा? साहेबाच्या भाच्याचा! प्रेझेंटेशनच्या आदल्या दिवशी मलाच विचारते, भाऊ, बोल्ट कोणत्या साइजचा टाकला होता? आता मशीनचं कूलंट (थंड ठेवायचं पाणी) गळून राहिलं, कुठून ते मला माहीत आहे. तोंड उघडत नाही.

धंतोलीकर:
काल मीच लिहिलं होतं. निळा एलईडी दिवा बनवणारा जपानी इंजिनिअर नाकामुरा घ्या, कंपनीनं पेटंटचे 20 हजार येन टेकवले, तरी 2014 ला नोबेल आणलंच न?

वर्धा रोड:
अर्धंच सांगून राहिले. शोध आधी लागला, कारण त्या कंपनीच्या जुन्या मालकानं पैसा आन मोकळीक दिली होती. 20 हजार पाहून गडी अमेरिकेत गेला, कोर्टात भांडला, 2005 ला 84 कोटी येनवर मिटलं. त्याचं पुढचं डोकं कोणाला मिळालं?

एचआरवाली ताई:
पैशापेक्षा सांगण्याची पद्धत महत्त्वाची असते हो. ग्रीनबर्ग नावाच्या संशोधकाचा 1990 चा कारखान्यांमधला अभ्यास बघा, 15 टक्के पगार कापला, पण जिथे नीट समजावून सांगितलं तिथे कामगारांच्या चोऱ्या दुसरीकडच्या मानाने कमी वाढल्या.

हिंगणावाला फिटर:
म्हणजे आम्ही चोर?

एचआरवाली ताई:
मी असं कुठे म्हटलं!

संत्रानगरी:
मूळ दुखणं हेड ऑफिस पुण्यात, हे कोणी बोलत नाही. सेम पोस्ट, सेम काम, तिथल्याला जास्त पगार, का तर म्हणे नागपूर स्वस्त आहे. मे महिन्यात शेडमध्ये उभं राहून दाखवा म्हणा. विदर्भाला बरोबरीचा वाटा देऊ म्हणणाऱ्या 1953 च्या नागपूर करारापासून हेच चालू आहे.

धंतोलीकर:
आला विदर्भाचा अनुशेष! फिक्स्चरवरून थेट करारावर.

संत्रानगरी:
तुमचं ऑफिस एसीत आहे न, म्हणून हसू येते. आमच्या कूलरची मोटर मार्चपासून जळलेली, तीन अर्ज दिले. पुण्याहून अप्रूव्हल येईल म्हणे!

वर्धा रोड:
आमच्याकडे तर कूलर आहे, पाणी नाही.

धंतोलीकर:
बरं बावा, फोटो फिटरभाऊचाच लागायला पाहिजे होता, मान्य. हार घालू का आता? पण ते कूलंटचं सांगून टाक न, जॉब तर तुझ्याच हातचे खराब होऊन राहिले.

हिंगणावाला फिटर:
पंपाचं सील गेलं आहे. इथं सांगितलं. तिथं भाचा शोधून राहिला, शोधू दे.