पळीभर तीर्थ, हजाराची दक्षिणा? खडूस ठाणेकरांना उत्तर

गोदाकाठ:
परवा खडूस ठाणेकरांनी लिहिलं, "एप्रिलअखेर नाशिकला वायनरीत वाइन चाखायला गेलो. पळीभर तीर्थ सहा वेळा दिलं, वर पिझ्झा, आणि माणशी दक्षिणा हजाराच्या पुढे. त्यापेक्षा दुकानातून बाटली आणा आणि गच्चीवर बसा." खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

अहो, एप्रिलअखेर कशाला गेलात? द्राक्षाचा हंगाम संपून वेलींची खरड छाटणी झालेली, मळ्यात नुसत्या काड्या. लग्नाचा मांडव उतरवल्यावर जेवायला जाऊन 'पंगत कुठंय' म्हणून विचारण्यासारखं झालं हे. जानेवारी ते मार्चात या. सकाळी क्रेट उतरत असतात, देठ वेगळे करणारं यंत्र घरघरत असतं, आंबणाऱ्या रसाचा वास पार्किंगपर्यंत येतो. स्टीलच्या टाकीला हात लावा, गार लागते. ते पाहून मग टेस्टिंगला बसा.

आता तुमची पळी. ३० मिलीचे सहा म्हणजे १८० मिली. हॉटेलात पेला भरतात तो साधारण १५० चा. म्हणजे पेलाभर तुम्ही प्यायलात, वर आचमनही झालं. आणि एका पेल्यात द्राक्षाच्या सहा जाती कळतात हे गच्चीवर होत नाही. सॉव्हिन्यॉं ब्लांला ढोबळी मिरचीचा वास, शेनिनला पिकल्या पेरूचा, शिराझमध्ये मिरे. कॅबर्नेने तर कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ आखडते. मी पन्नाशीपर्यंत 'लाल' आणि 'पांढरी' एवढंच ओळखत होतो.

पिझ्झ्याचं काय ते तुम्ही म्हणा, मी तिकडे बोलत नाही.

खडूस ठाणेकर:
हिशोब बरोबर आहे, गुरुजी. छडी खाली ठेवा. एक गोष्ट मात्र मी लिहायची राहिली. गाडी मी चालवत होतो. संध्याकाळी कसारा घाट उतरायचा, त्यामुळे पहिल्या दोन पेल्यांनी नुसते ओठ ओले केले आणि उरलेले चार मेव्हण्याने संपवले. पैसे माझे पूर्ण. मेव्हणा इगतपुरीपर्यंत मला पेरूचा वास समजावून सांगत होता.

गोदाकाठ:
मग राग मेव्हण्यावर काढा, वायनरीवर का? सकाळच्या तपोवनने यायचं, नाशिकरोडला उतरून रिक्षा करायची. आणि बाजूला थुंकायचं भांडं ठेवलेलं असतं, ते शोभेला नसतं.

खडूस ठाणेकर:
हजार रुपये देऊन थुंकू? आमच्या आईने ताटात शीत टाकू दिलं नाही कधी.

डोंबिवलीची काकू:
पिझ्झा खायला नाशिकला कोण जातं, मला हेच कळत नाही. मिसळ आहे ना! पापड, दही, शेवटी जिलबी. चौघांचं पोट भरतं आणि तिथून द्राक्षाचा मळाही दिसतो.

निफाडचा मळेवाला:
मळा *दिसतो*. हो काकू, मळा सगळ्यांना दिसतो.

तुमचं पेरू-जांभूळ चालू द्या, मी फक्त एक सांगतो. २००१ ला सरकारने द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं आणि आमच्या भागात लाट आली. माझ्या वडिलांनी दोन एकर थॉमसन, म्हणजे खायची बिनबियांची द्राक्षं, काढून वाइनच्या शिराझ आणि कॅबर्नेची कलमं लावली. कंपनीचा करार होता. जीएत, म्हणजे मणी फुगवायच्या संजीवकात, घड बुडवायचे नाहीत, मण्यांची विरळणी नाही, मजुरी कमी. वडील खूश. पण माल एकरी निम्म्यावर, आणि ते सांगतील त्या ब्रिक्सलाच, म्हणजे रसातल्या साखरेच्या मापालाच, तोडायचा. २००८ ला मंदी आली, त्यात २६/११, हॉटेलं ओस पडली आणि कंपनीने माल उचलायला नकार दिला. वाइनची द्राक्षं बाजार समितीत नेऊन बघा. बारीक मणी, जाड साल, आत बिया. कोण घेतो? क्रेटभर गाईपुढे टाकले, तिनेही तोंड फिरवलं. कुऱ्हाड मी चालवली. वडील दोन दिवस बांधाकडे आले नाहीत.

त्याच शिराझचा घोट तुम्ही पेला फिरवून हुंगता. हुंगा.

पुणेरी बोरू:
मळेवाले, वाईट वाटलं, पण भावनेवर धागा नेऊ नका. करार सही करून केला होता ना? थॉमसनचा भाव पडला तरी तुम्ही ओरडता, कांद्याचा पडला तरी ओरडता. धंदा आहे, जोखीम असते.

निफाडचा मळेवाला:
बोरू, तुम्ही पगार किती तारखेला घेता? आमच्या कराराच्या कागदावर कंपनीला दर बदलायची मुभा होती, आम्हाला दुसरीकडे विकायची नव्हती. जोखीम दोघांची म्हणता, मग बागायतीचं कर्ज एकट्याच्या सातबाऱ्यावर कसं चढलं? व्हॅटचा परतावाही वायनरीला मिळतो, मळ्याला नाही.

पुणेरी बोरू:
कागद न वाचता सही करणाऱ्यांचं मी काय करू?

डोंबिवलीची काकू:
बोरू, जरा जिभेला आवर घाला. त्यांच्या वडिलांची गोष्ट आहे ती.

गोदाकाठ:
मळेवाले, तुमच्यासमोर पेरूचा वास सांगायला मलाच ओशाळं वाटतंय. तरी एक म्हणतो. तेव्हा वाइन खपत होती मुंबईच्या हॉटेलांच्या जिवावर, हॉटेलं बसली तशी तीही बसली. आता माणसं स्वतः मळ्यावर येतात, बाटल्या डिकीत घालून नेतात. २०१० ला 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकन मिळालं. गिऱ्हाईक दारात असेल तर मळाही टिकेल, एवढंच मला म्हणायचं होतं.

निफाडचा मळेवाला:
चुलतभावाचं शेनिन चालू आहे, दर साल पैसे वेळेवर येतात. हे मी मान्य करतोय म्हणून लगेच शाल-श्रीफळ आणू नका. त्याची वायनरी दहा किलोमीटरवर आहे आणि मालक फोन उचलतो. आमचा मालक कुठे बसायचा हे शेवटपर्यंत कळलं नाही.

खडूस ठाणेकर:
ठीक आहे, फेब्रुवारीत रेल्वेने येतो. मेव्हण्याला न सांगता. हजाराची दक्षिणा महागच आहे हे माझं मत कायम, नोंद घ्यावी.

निफाडचा मळेवाला:
आलात तर वाट वाकडी करून मळ्यात या. सोनाका द्राक्षं तोडून खायला देतो, बी नाही, साल पातळ. टेस्टिंगची फी नाही. थुंकायचं भांडंही नाही. काकू, मिसळीचं मात्र तुमचं तुम्ही बघा.