हर्स्ट कॅसलच्या पलीकडच्या ज्युलिया मॉर्गन
अमेरिकन वास्तुविशारद ज्युलिया मॉर्गन यांचं नाव निघालं की सगळे हर्स्ट कॅसलबद्दलच, म्हणजे वृत्तपत्रसम्राट हर्स्टसाठी त्यांनी कॅलिफोर्नियात उभारलेल्या आलिशान वाड्याबद्दलच बोलतात, पण मॉर्गनबाईंचं खरं पाणी मला दिसतं ते ओकलंडच्या मिल्स कॉलेजमधल्या घंटेच्या मनोऱ्यात. १९०४ सालचा, ७२ फुटी, तोही सळ्या घातलेल्या काँक्रीटचा; तेव्हा या पद्धतीवर फारसा कुणाचा भरवसा नव्हता. १९०६ च्या भूकंपात शेजारचं सॅन फ्रान्सिस्को कोलमडलं, मनोरा मात्र जागचा हलला नाही. मग काय, कामांची रीघ लागली! भूकंपात नुकसान झालेल्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या फेअरमाँट हॉटेलची दुरुस्तीही त्यांच्याकडेच आली. बर्कलेत सिव्हिल इंजिनिअरिंग शिकलेल्या होत्या, ते असं कामी आलं. पुढे सातशेच्या आसपास इमारती बांधल्या. अमेरिकन वास्तुविशारदांच्या संस्थेला मात्र सुवर्णपदक द्यायचं सुचलं २०१४ मध्ये, बाई जाऊन ५७ वर्षं झाल्यावर.