मदत हवी आहे : कुत्रीला फिरवताना कोल्हा मागोमाग चालतो, काय करावे?

नमस्कार.

आमची कुत्री मध्यम बांध्याची, वयात आलेली आणि नसबंदी झालेली आहे. पहाटे उजाडण्याच्या सुमारास आणि रात्रीच्या जेवणानंतर, अशा तिच्या फिरण्याच्या दोन वेळा ठरलेल्या आहेत. वस्तीच्या मागे नाल्याला लागून झुडपांनी भरलेली मोकळी जागा आहे आणि तिच्या कडेने जाणारी पायवाट हा आमचा नेहमीचा मार्ग आहे. अलीकडे या वाटेवर एक कोल्हा आमच्या मागोमाग चालू लागला आहे. त्याचे हे चालणे नेमके कशाचे लक्षण आहे आणि मी काय करणे योग्य ठरेल, हे जाणकारांकडून समजून घ्यावे म्हणून हा धागा काढत आहे.

आधी त्याचे वागणे सांगतो, कारण उत्तर बहुधा त्यावरच अवलंबून असेल. तो धावून येत नाही. वीस-पंचवीस पावलांचे अंतर राखून झुडपांच्या कडेने चालतो, आम्ही थांबलो की थांबतो आणि मान किंचित खाली घालून, कान पुढे रोखून पाहत राहतो. माझ्याकडे नव्हे, कुत्रीकडे. एकदा त्याने तेथेच मागच्या पायांनी माती उकरली, झुडपावर मूत्र सोडले आणि घशातून कोरडा, तुटक असा एकच भुंकार काढला. पायवाट जेथे मोठ्या रस्त्याला मिळते, तेथे तो हमखास परत फिरतो. त्याची चाल सरळ आहे, अंगावरचे केस दाट आहेत, कोठे चट्टे किंवा जखमा दिसत नाहीत. क्वचित दुसरा एक कोल्हा झुडपात बसलेला दिसतो. तो जागचा हलत नाही.

कुत्रीचे म्हणाल, तर सुरुवातीला तिच्या मानेपासून शेपटीपर्यंतचे केस उभे राहत आणि ती दोरी ताणून गुरगुरत असे. आता मात्र ती पुढचे पाय जमिनीला टेकवून, मागचा भाग उंच करून त्याला खेळायला बोलावते. गुरगुरण्यापेक्षा मला याचीच काळजी अधिक वाटते.

शेजाऱ्यांचे सल्ले परस्परविरोधी आहेत. एकाने फटाका लावायला सांगितले, दुसऱ्याने दगड जवळ ठेवायला सांगितले, तर तिसऱ्यांचे म्हणणे असे की उरलेले अन्न रोज ठेवत गेल्यास तो आपोआप माणसाळेल. यांपैकी एकही गोष्ट मनाला पटत नाही. त्याला पकडून दूर नेऊन सोडावे, अशी मागणी करण्याचीही माझी इच्छा नाही, कारण ती झुडपे आमच्या इमारतींपेक्षा जुनी आहेत.

माझ्या शंका अशा : हा पाठलाग शिकारीच्या हेतूने असू शकतो का? तो एकदम जवळ आला तर त्या क्षणी मी आणि कुत्रीने काय करावे? कुत्रीला रेबीजची आणि एकत्रित लस दर वर्षी दिली जाते. तरीही चावा न घेता, केवळ त्याचे मूत्र किंवा विष्ठा हुंगल्याने तिला काही होऊ शकते का? आणि उजेडात दिसणारा कोल्हा पिसाळलेलाच असतो, असे येथे अनेक जण ठामपणे सांगतात, त्यात कितपत तथ्य आहे?

अवांतर : शेजारच्या एका कुत्र्याची नसबंदी झालेली नाही आणि तो मोकळा फिरतो. कोल्हा व कुत्रा यांचा संकर होतो असे ऐकले आहे. ते खरे आहे का?

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

आपण वागणुकीचे इतके नेमके वर्णन दिल्यामुळे उत्तर देणे सोपे झाले आहे. ठरावीक अंतर राखणे, फक्त कुत्रीवर लक्ष ठेवणे, माती उकरून खूण करणे, एका ठरावीक जागेपाशी परत फिरणे आणि जोडीदाराने झुडपात बसून राहणे, या सर्व गोष्टी एकत्र पाहिल्या तर जवळपास बीळ असून त्यात पिल्ले असण्याची शक्यता सर्वाधिक वाटते. कोल्ह्यांची जोडी दीर्घकाळ एकत्र राहते आणि पिल्लांचे संगोपन नर-मादी मिळून करतात. कुत्रा हा त्यांच्या दृष्टीने हद्दीत शिरलेला परका भाऊबंद असतो. म्हणून लक्ष आपल्यावर नसून तिच्यावर आहे. उत्तर अमेरिकेतील शहरांत राहणाऱ्या कोयोटींमध्येही (कोल्ह्यासारखाच तेथील वन्य प्राणी) हेच वर्तन आढळते. शिकागो परिसरात 2000 सालापासून वन्यजीव संशोधक स्टॅनली गेर्ट यांच्या नेतृत्वाखाली कोयोटींचा अभ्यास चालू आहे, आणि अशा प्राण्यांच्या अभ्यासकांच्या लेखी हे मागोमाग चालणे म्हणजे परक्याला हद्दीबाहेर पोहोचवून येणे असते.

त्यामुळे तो मागे असेल तेव्हा थांबून त्याचे निरीक्षण करत बसू नये. दोरी आखूड धरून, कुत्रीला त्याच्या विरुद्ध बाजूस घेऊन, न धावता चालत राहावे. पळणाऱ्याच्या मागे लागणे ही या कुळातील प्राण्यांची सहज प्रवृत्ती आहे. तो अंतर तोडून जवळ आला तर त्याच्याकडे तोंड करून उभे राहावे, हात उंचावून खालच्या पट्टीतील दणदणीत आवाजात ओरडावे आणि नजर न हटवता मागे सरकावे. त्याला निसटायला मोकळी वाट राहील, याची मात्र खात्री करावी. कुत्रे लहान असते तर उचलून घ्यायला सांगितले असते. मध्यम बांध्याच्या, बिथरलेल्या कुत्रीला उचलताना आपलाच तोल जाण्याची भीती अधिक.

ओरडून हुसकावण्याचा हा उपाय तो अंगणात किंवा रस्त्यावर निर्धास्त फिरत असेल तेव्हा चांगला लागू पडतो. बिळाजवळ मात्र तो फक्त जवळ आल्यावरच वापरावा, कारण पिल्ले टाकून आई-बाप जाणार नाहीत. डिवचले तर अधिक आक्रमक होतील. फटाक्याने कोल्ह्याआधी आपली कुत्रीच बिथरेल आणि पट्ट्यातून मान सोडवून पळेल. अन्न ठेवण्याचा सल्ला तर सर्वांत वाईट आहे. अन्नाच्या आशेने माणसांजवळ येऊ लागलेला प्राणी पुढे अन्न मिळाले नाही की धीट होतो, आणि मग त्याला पकडण्याची किंवा मारण्याची मागणी तेच लोक करतात.

लांबणारी, आपोआप गुंडाळली जाणारी दोरी वापरत असाल तर ती या वाटेसाठी बदला. दीड-दोन मीटरची साधी दोरी आणि छातीला बसणारा हार्नेस असावा. खेळायला बोलावणे आपल्याला गोड वाटले तरी कोल्ह्याला ते तसे वाटेलच असे नाही. ती वाकली की लगेच नावाने हाक मारून तिला चालते करावे.

प्रतिसाद २

पशुवैद्य या नात्याने आजारांविषयी लिहितो.

उजेडात दिसणे हे रेबीजचे लक्षण नाही. पिल्लांना भरवण्यासाठी कोल्हे दिवसाही बाहेर पडतात. झोकांड्या खाणे, तोंडातून सतत लाळ गळणे, वस्तूंना विनाकारण चावणे किंवा माणसाची भीती अजिबात न वाटणे, अशी लक्षणे दिसल्यास दूर राहून वन्यजीव अधिकाऱ्यांना कळवावे. डिस्टेंपर हा कुत्र्याच्या कुळातील विषाणूजन्य आजार झालेला प्राणीही जवळजवळ असाच दिसतो. नुसत्या नजरेने फरक करता येत नाही आणि तसा प्रयत्नही करू नये.

रेबीजचा विषाणू लाळेत असतो. मूत्र किंवा विष्ठा हुंगल्याने तो सहसा पसरत नाही. झटापट झाली तर कुत्रीला हातमोजे घालूनच हाताळावे, कारण तिच्या केसांवर त्याची लाळ असू शकते. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने किमान 15 मिनिटे धुवावी आणि आधीची लस वेळेवर झालेली असली तरी त्याच दिवशी बूस्टर, म्हणजे रेबीजच्या लसीची आणखी एक मात्रा, द्यावा. माणसाला चावा किंवा ओरखडा बसला तर याच पद्धतीने जखम धुऊन विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. चावणाऱ्या प्राण्यावर दहा दिवस लक्ष ठेवण्याचा नियम कुत्र्या-मांजरांसाठी आहे. कोल्ह्याच्या बाबतीत तसे थांबायचे नसते. एकदा लक्षणे सुरू झाली की हा आजार जवळजवळ नेहमीच जीवघेणा ठरतो.

हुंगण्यातून खरी चिंता आहे ती पार्व्होची, म्हणजे कुत्र्यांच्या आतड्यांना होणाऱ्या विषाणूजन्य आजाराची. त्याचा विषाणू विष्ठेतून पसरतो आणि मातीत कित्येक महिने टिकतो. डिस्टेंपर प्रामुख्याने श्वासातून उडणाऱ्या तुषारांमधून पसरतो. या दोन्हींचे संरक्षण आपल्या एकत्रित लसीत असणार, पण लेप्टोस्पायरोसिसचे (प्राण्यांच्या मूत्रातून पसरणाऱ्या जिवाणूजन्य आजाराचे) आहे का, ते लसीच्या कार्डावर तपासून घ्या. नाल्याकाठच्या डबक्यांत उंदीर-घुशींचे मूत्र मिसळलेले असते आणि माझ्या मते तुमच्या वाटेवर कोल्ह्यापेक्षा त्या डबक्यांचा धोका मोठा आहे. तिला तेथील पाणी पिऊ देऊ नका. कोल्ह्याच्या बसण्याच्या जागी तिला लोळूही देऊ नका. खरूज आणि गोचिडी तेथून येतात.

अवांतराविषयी : होय, संकर शक्य आहे. दोघांचीही गुणसूत्रे 78 आहेत आणि होणारी संततीही प्रजननक्षम असते. त्या मोकळ्या कुत्र्याची नसबंदी आणि लसीकरण दोन्ही करून घेण्यासाठी शेजाऱ्यांच्या मागे लागा. कोल्ह्याकडून तुमच्या कुत्रीला होईल त्याहून अधिक धोका लस न घेतलेल्या मोकाट कुत्र्यांकडून कोल्ह्यांच्या पिल्लांना होतो.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. तूर्त दोन्ही वेळा रस्त्याच्या बाजूने जायचे ठरवले आहे. साधारण किती काळाने जुन्या वाटेने जाऊन पाहावे? आणि रस्ता बदलल्यानंतरही तो दिसला तर काय समजावे?

प्रतिसाद १

पिल्ले सुमारे दोन महिने आईच्या दुधावर असतात आणि त्यानंतर हळूहळू मोठ्यांबरोबर हिंडू लागतात. म्हणून निदान दोन-तीन महिने ती वाट सोडावी. नंतर पहिल्यांदा जाताना पूर्ण उजाडल्यावर जावे. या काळात तो मोठ्या रस्त्यापलीकडे, इमारतींपर्यंत येताना दिसला तर कारण बीळ नसून बहुधा अन्न असेल. तेव्हा उघडे कचऱ्याचे डबे, रात्री बाहेर ठेवलेले मांजरांचे खाणे आणि त्या तिसऱ्या शेजाऱ्यांची ताटली, या क्रमाने शोध घ्यावा.