'माझा तो पिंड नाही' असे म्हणण्याची मुभा कोणाला?

बाळीवेसची सून :
चार दिवसांपूर्वी आपल्या सोलापूरकरांच्या गटावर एका सदस्यांनी लिहिले की, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा अंगावर घेण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःला पाच प्रश्न विचारावेत : घाण सहन होईल का, तुटक झोपेवर दिवस निघेल का, राग आवरता येईल का, कंबर साथ देईल का आणि पैसा पुरेल का. दोन उत्तरे जरी नकारार्थी आली, तरी 'माझा तो पिंड नाही' असे निःसंकोच सांगावे. तो मजकूर वाचून आलेला राग अजून उतरलेला नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

सासूबाईंची उजवी बाजू अर्धांगाने गेली, त्याला तीन वर्षे होतील. घरी सोडताना डॉक्टर समजावत होते की, नाकातल्या नळीतून भरवताना उशाकडची बाजू उचललेली असावी आणि भरवून झाल्यावरही अर्धा-पाऊण तास त्यांना आडवे करू नये. बोलत होते ते माझ्या यजमानांशी. वही मात्र माझ्या हातात होती. त्या क्षणी कोणी ते पाच प्रश्न विचारले असते, तर पाचही वेळा मी 'नाही' म्हटले असते. पहिल्या दिवशी त्यांचे कपडे बदलून मी मोरीत ओकले. चौथ्या महिन्यात तेच काम उरकून, हात धुऊन, चहाचे आधण ठेवू लागले. शिवाय ज्या गावात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते, तिथे भिजलेल्या चादरींचा ढीग आणि पिंपात उरलेले पाणी यांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न त्या पाचांत नाही. लिहिणाऱ्याने धुणे कधी धुतले नसावे.

जुळे सोलापूर :
तो मजकूर माझा आहे आणि धुणेही मी धुतले आहे. वडिलांना स्मृतिभ्रंश होता. दिवेलागणीला 'मला घरी जायचे आहे' म्हणत ते दाराची कडी काढू पाहत, स्वतः बांधलेल्या घराच्या. एका रात्री चौथ्यांदा त्यांना दारातून मागे आणताना माझी पकड नको तितकी आवळली गेली. सकाळी मनगटावर काळेनिळे वळ होते, आणि भेटायला आलेल्या आत्याला ते म्हणाले, 'दारात चेमटला.' माझे नावही न आठवणाऱ्या माणसाने मला पाठीशी घातले. घाणीची सवय होते, हे मान्य. पण रागाचीही सवय होते, आणि ती कोणाला दिसत नाही. बाईंनी धुण्यावरून टोमणा मारण्यापूर्वी तिसरा प्रश्न पुन्हा वाचावा.

पुण्यातला लष्करकर :
मी दरमहा पैसे पाठवतो, रात्रीसाठी बाई ठेवली आहे, आणि महिन्यातून दोनदा हुतात्मा एक्सप्रेसने सोलापूरला येतो. तरी गल्लीत माझी ओळख 'आईला टाकून गेलेला' अशीच आहे. माझा पिंड नोटा मोजण्याचा आहे, असे समजा. पण त्या नोटांवरच औषधे येतात.

साखर पेठ :
येतात, आणि वाटणीच्या दिवशी पैसे पाठवणारा भाऊही येतो. मी अविवाहित असल्याने 'तुला काय, मोकळीच आहेस' हा निर्णय घरात माझ्यावाचून झाला. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित घरात मुलीला मुलाइतकाच वाटा दिला, चांगलेच केले. पण नऊ वर्षे कुशी बदलणाऱ्या हातांना त्यात वेगळा वाटा कुठे आहे?

निवृत्त महसुली :
2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या 23 व्या कलमानुसार, देखभालीच्या अटीवर दिलेली मालमत्ता ती अट मोडल्यास परत मिळविता येते. म्हणून बक्षीसपत्रात अट स्पष्ट लिहावी, आणि सेवा करणाऱ्याच्या नावावर आई-वडिलांनी हयातीतच काही करून ठेवावे. याच कायद्यात निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा दरमहा 10,000 रुपये आहे. 'अपत्य' या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू आणि नात येतात. सुनेचा उल्लेख नाही. अर्थात, पूर्वी या गोष्टी कायद्यावाचून, संस्कारांनी होत असत.

बाळीवेसची सून :
कायद्याने मी तीन वर्षांपूर्वीच मोकळी होते, ही बातमी दिल्याबद्दल आभारी आहे. संस्कारांचा विषय निघालाच आहे, तर आपल्या मातोश्रींचे डायपर आपण स्वतः किती वेळा बदलले, तेही कलमासह सांगावे.

निवृत्त महसुली :
वैयक्तिक होऊ नये. ते काम सौभाग्यवतींकडे होते.

साखर पेठ :
कार्यवाही पूर्ण. नोंद घेतली.

वॉर्डातली जुनी परिचारिका :
घराच्या वाटण्या आटोपल्या असतील, तर थोडे रुग्णाकडे पाहू. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. माकडहाडावरचा लाल डाग बोटाने दाबून पाहायचा. दाबूनही तो फिका होत नसेल, तर जखमेची ती सुरुवात असते. हे काम प्रेमळ माणसाकडूनच नीट होते, असे मी पाहिले नाही. ज्याला बदली माणूस होता, त्याच्याकडून झाले. एकट्याने सगळे पेलणारी शहाणी माणसेही सहाव्या-सातव्या महिन्यात रुग्णावर ओरडताना मी ऐकली आहेत. तेव्हा पिंडाची चौकशी एका माणसाची करू नका, घरातल्या प्रत्येकाची करा.

जुळे सोलापूर :
मी एकटाच होतो, हे लिहायचे राहिले. बाईंना प्रश्न विचारलेच गेले नाहीत, हा मुद्दा मला मान्य करावा लागतो. पाणी हा सहावा प्रश्न म्हणून घालतो. बाकीचे पाच मात्र मी मागे घेणार नाही.

बाळीवेसची सून :
घेऊ नका, उपयोगी पडले. काल रात्री जेवणे झाल्यावर ते पाचही प्रश्न मी यजमानांसमोर ठेवले. त्यांनी मन लावून विचार केला आणि राग, कंबर व पैसा या तिन्हींना 'होय' म्हटले; घाणीपाशी गप्प राहिले. झोपेचे उत्तर 'बहुधा' असे आले. आपल्याच नियमाने ते पात्र ठरतात, म्हणून शनिवारपासून रात्री दोनची आणि चारची कूस त्यांच्याकडे आहे. वही मी त्यांच्या उशाशी ठेवली आहे.