मदत हवी आहे : आत्मचित्रात माटोळी कशी आणू?

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या फोंड्याची. गेले चार महिने स्वतःचं तैलचित्र करते आहे आणि अडकले आहे.

सुरुवात झाली मेक्सिकन चित्रकार फ्रीडा काहलोच्या 1940 च्या आत्मचित्रापासून. गळ्यात काट्यांची माळ, तिला लटकलेला मेलेला हमिंगबर्ड, एका खांद्यामागे माकड, दुसऱ्यामागे काळं मांजर. मेक्सिकोच्या लोकसमजुतीत हा पक्षी प्रेम मिळवून देणारा तोडगा. आणि तिचा घटस्फोट नुकताच, 1939 मध्ये झालेला. मानेवर रक्ताचे थेंब आहेत, चेहरा मात्र स्थिर. दुःख तिने चेहऱ्यावर न दाखवता गळ्यात घातलं, हे मला फार मोठं वाटतं.

माझं प्रतीक माटोळी, म्हणजे गणेश चतुर्थीला गणपतीच्या वर टांगतात ती फळापानांनी भरलेली लाकडी चौकट. चवथीला बाबा रानातून सगळं गोळा करून आणायचे, सुपारीची शिपटी (घड), आंबाडे ही आंबट फळं, इतर रानफळं. ते गेल्यापासून आमची माटोळी बाजारातून येते. म्हणून चित्रात माझ्या डोक्यावर विसर्जनानंतरची, सुकलेली माटोळी टांगली आहे. पण ती नुसती सजावट दिसते! घरच्यांना तर ती अशुभ वाटते.

आत्मचित्र केलेल्यांना विचारायचं आहे : वस्तू अंगाशी जोडली की तिचा अर्थ बदलतो का? माटोळी वरून उतरवून ते आंबाडे गळ्यात घेतले, तर ती फ्रीडाची नक्कल होईल का? आणि गोव्याबाहेरच्यांनो, माटोळी ठाऊक नसताना या चित्रात तुम्हाला काय दिसेल? फोटो कमेंटमध्ये टाकते.