मदत हवी आहे : आईस्क्रीम बीनची नवी पानं पिवळी पडतायत (नाशिक, काळी जमीन)

नमस्कार मंडळी, आपल्याकडे कुणी आईस्क्रीम बीन लावलंय का, म्हणजे इंगा एड्युलिस? मूळचं अ‍ॅमेझॉनच्या जंगलातलं, हातभर लांब शेंग येते, बियांभोवती कापसासारखा पांढरा गोड गर असतो तो खायचा. आपल्या विलायती चिंचेच्या गोतावळ्यातलंच, तिला पूर्वी इंगा डल्सिस म्हणायचे. मखमलाबादला बांधावर विलायती चिंच जोरात येते म्हणून वाटलं हेही येईल.

भाच्याने वायनाडहून शेंग आणली होती. फोडली तर बियांना आतच कोंब! हे बी वाळलं की मेलं, म्हणून आईने त्याच संध्याकाळी सहाही बिया दुधाच्या पिशव्यांमध्ये लावल्या. पहिल्या थंडीत पाच रोपं गेली. उरलेल्या एकाला दोन हिवाळे शेडनेट लावून जपलं, शेजारी द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटायच्या तेव्हा आई उठून आधी त्याच्याकडे बघून यायची. आता माझ्या डोक्याच्या वर गेलंय.

पण फेब्रुवारीपासून जुनी पानं हिरवीगार आणि नवीन पालवी लिंबासारखी पिवळी, फक्त शिरा हिरव्या, जाळी दिसते नुसती. थंडीचा फटका म्हणावा तर थंडी केव्हाच संपली. दोन फुटांखाली चुनखडी आहे, बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरा थर बसतो, माती तपासली तर पीएच ८.२ आला, म्हणजे अल्कधर्मी. लोहासाठी फेरस सल्फेट दिलं, आठ दिवस बरं वाटलं, परत तेच.

शेजारचे काका म्हणतात मुंग्या लागल्यात, औषध मार. पण पानांच्या प्रत्येक जोडीमध्ये बारीकशी वाटी असते आणि तिच्यात रस येतो, मुंग्या त्यासाठी येतात आणि पानं खाणाऱ्या अळ्यांना हुसकावतात, म्हणून मी फवारलं नाही. बरोबर केलं ना?

झाड काढून ड्रममध्ये लावू का? आणि एकच झाड असलं तर शेंगा धरतच नाहीत म्हणतात, खरं आहे का? आईला शेंग बघायचीये, प्लीज सांगा.

प्रतिसाद : ताई, उपटू नका, मुळं दुखावतील. लक्षणं लोहाच्या कमतरतेचीच आहेत. चुनखडीत फेरस सल्फेट अडकून बसतं, ईडीटीए (लोह धरून ठेवणारं चिलेट) पण एवढ्या पीएचला टिकत नाही. द्राक्षवाले वापरतात ते ईडीडीएचए चिलेटमधलं लोह आणा, पाकिटावरचं प्रमाण बघून आळ्यात द्या. पावसाचं पाणी साठवता आलं तर तेच घाला, वर पालापाचोळ्याचा जाड थर ठेवा. युरिया नको, हे झाड हरभऱ्यासारखं मुळांवरच्या गाठींमधून नत्र घेतं. मुंग्यांचं बरोबर केलंत. आणि हो, इंगाला सहसा दुसऱ्या झाडाचा पराग लागतो, याच झाडाचं कलम नको, वेगळ्या बियांचं रोप हवं.

धन्यवाद दादा! ईडीडीएचए उद्याच आणते. नाशिकच्या आसपास कुणाकडे बियांचं रोप असेल तर सांगा, मी स्वतः येऊन नेईन.